अरारच्या तळाची तलवार

१

त्या सकाळी मी सभाघराचं दार उघडलं तेव्हा खुंटी जागेवर होती. तलवार नव्हती.

मी सेनोवीर. वेर्नोमागुसच्या नावाडी संघाच्या सभाघराचा राखणदार. झाडलोट माझी, दिवे माझे, नदीच्या सुकोना देवीपुढचं फूल माझं आणि त्या तलवारीवरची धूळसुद्धा माझीच. मी आधी खुंटीकडे बघितलं, मग जमिनीकडे, मग उगाचच बाकाखाली. हातभर लांबीची वस्तू बाकाखाली थोडीच लपणार? पण माणूस घाबरला की बाकाखालीच बघतो.

ती तलवार कातुमारोसची. आमच्या पूर्वजांतला पहिला नावाडी प्रमुख तो. मागच्या बंडानंतर रोमवाल्यांनी गावातली हत्यारं गोळा करून नेली, पार डुकरं कापायचे सुरेही उचलले. ही एकच तलवार त्यांनी ‘भिंतीवरची जुनी वस्तू’ म्हणून राहू दिली. आणि आता तीही चालली होती. लुग्दुनुमच्या सुभेदाराला जेवणघराच्या भिंतीवर लावायला शोभेचं काहीतरी हवं होतं. त्याचा माणूस, कासेलियस नावाचा शतनायक, आदल्या दिवशी शिपाई घेऊन ती न्यायला आला होता. तलवार द्यायला भर सभेत हो म्हणाला होता आमचाच प्रमुख, गायस यूलियस अतेपो.

या अतेपोबद्दल आधीच सांगून टाकतो. जन्माने आमचा, पण दाढीमिशी सफाचट, अंगावर रोमन टोगा आणि बोटात सोन्याची अंगठी. बापाला रोमचं नागरिकत्व मिळालं तेव्हाची ती अंगठी. बोलताना तो हात असा हलवायचा की ती दिसलीच पाहिजे. नावाडी त्याला पाठीमागे ‘धुतलेला’ म्हणायचे. मीही म्हणायचो, खोटं कशाला बोलू!

दाराचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोनच, एक माझ्या कमरेला आणि एक अतेपोकडे. संशय माझ्यावरच येणार, हे उघड होतं. पण कासेलियस आला, त्याने कुलूप हातात घेऊन फिरवलं आणि विचारलं, “हे बनवलं कोणी?”

“ब्रोगोस लोहाराने,” मी म्हणालो, आणि म्हणताक्षणी जीभ चावली. ब्रोगोस माझा जावई.

२

“ज्याने कुलूप बनवलं त्याला तिसरी किल्ली बनवायला कितीसा वेळ?” कासेलियस म्हणाला. “आणि काल दिवसभर तलवार घासायला कोण बसला होता?”

तोही ब्रोगोसच. साहेबांना देताना चकचकीत दिसावी म्हणून अतेपोनेच त्याला बोलावलं होतं.

एवढ्यावर कदाचित निभावलं असतं. पण दोन शिपाई धावत आले आणि त्यांनी साहेबापुढे म्यान ठेवलं. लाकडाचं, कातडं मढवलेलं, ओलंचिंब, जवाची कुसळं चिकटलेलं. कुठे सापडलं? तर ब्रोगोसच्या भट्टीखालच्या धक्क्यावर, लव्हाळ्यात अडकलेलं. ब्रोगोसची भट्टी गावाच्या वरच्या टोकाला. तिच्या वर नुसतं रान.

“लाकूड पाण्यात तरंगतं आणि खाली वाहत जातं,” कासेलियस म्हणाला. “वर नाही जात. म्हणजे हे तिथूनच पाण्यात पडलं. लोहाराने तलवार ठेवून घेतली आणि म्यान फेकलं. बांधा त्याला.”

ब्रोगोसला साखळी घातली. माझी मुलगी मातुगेना ऐन दिवसांत होती. ती दारात उभी राहून ओरडली, “बाबा, तुम्ही नुसतं बघताय काय!” काय करणार होतो मी? हत्यार चोरण्याची शिक्षा सगळ्यांना ठाऊक होती. खाणीत गेलेला माणूस परत आलेला आमच्या गावाने पाहिला नव्हता.

तेव्हा अतेपो पुढे झाला. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं, चेहरा उतरलेला. म्हणाला, “साहेब, सूर्यास्तापर्यंत थांबा. तलवार नसताना नुसता लोहार घेऊन गेलात तर सुभेदार तुम्हालाच विचारील. आमच्यात एक बाई आहे, नेर्तोमारा. तिला चौकशी करू द्या. तिच्या नजरेतून काही सुटत नाही.”

कासेलियस हसला. “बाई?”

“नदीत तिच्या मालकीच्या तीन नावा चालतात. लुग्दुनुमचे जकातवालेही तिला बघून उठून उभे राहतात.”

“सूर्यास्तापर्यंत,” कासेलियस म्हणाला. “नंतर एक क्षणही नाही.”

३

नेर्तोमारा माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको. भाऊ गेला तेव्हा तिने जुन्या रीतीने त्याचा सुरा वाकवून नदीला दिला आणि सोबत स्वतःचं चांदीचं कंकण. दुसऱ्याची वस्तू देवीला वाहताना आपलं लाडकं काहीतरी द्यावं लागतं, नाहीतर देवी हसते म्हणतात. तेव्हापासून तिचं मनगट मोकळंच आहे. मात्र नावा तिने दुसऱ्या कोणाच्या हाती दिल्या नाहीत. असल्या बाया गावात चार असत्या तर रोमला आमच्याकडे यायची गरजच पडली नसती, हे माझं प्रामाणिक मत आहे.

ती आली, म्यान उचललं, नखाने एक कुसळ काढून बघितलं आणि म्हणाली, “भावजी, ब्रोगोस जव पेरतो का?”

“वहिनी, इथे माझा जावई चाललाय आणि तुम्ही शेती काय विचारताय!”

“रागावू नका. चला.”

ब्रोगोसला भट्टीतच खांबाला बांधलं होतं. आम्हाला बघून म्हणाला, “मामा, मी घेतली नाही हो.”

“ते ठाऊक आहे,” वहिनी म्हणाली. “तुला लपवता येत असतं तर लग्नाआधी मातुगेनाकडे रोज विळा दुरुस्त करायला गेला नसतास. मला तलवारीचं सांग. कशी होती?”

साखळीतसुद्धा त्याचा चेहरा उजळला. “काय काम होतं, काकू! आतून मऊ लोखंड, धारेला कडक. आज असं कोणी करत नाही. मोडणार नाही ती, पण एखाद्या कडीत अडकवून जोर लावला तर वाकेल. काल अतेपोसाहेबांनीही हेच विचारलं. म्हणाले, सुभेदाराच्या घरी नेताना वाटेत मोडायची तर नाही ना?”

“बरोबर आहे. काळजी वाटणारच,” वहिनी म्हणाली. मग धक्क्यावर उतरली आणि पाण्याकडे बघत राहिली. दोन दिवस गरम वारा सुटला होता, पूर्वेच्या डोंगरावरचं बर्फ वितळत होतं. धक्क्याची खालची पायरी बुडाली होती. अरार नदी आमची तशी आळशी. काठावर बसून कितीही बघा, पाणी कुठे चाललंय ते डोळ्याला कळत नाही. परके लोक यावरून आमची टिंगल करतात.

“आज एकही नाव सुटली नाही ना?” तिने विचारलं.

“साहेब आलेत, समारंभ आहे. सगळ्यांना सुट्टी. एक सोडून. अतेपोची बायको पोरांना घेऊन पहाटेच माहेरी गेली, वरच्या अंगाला. झपाट्याने गेली हो नाव, बघत राहावं अशी!”

वहिनीने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, मी काहीतरी मूर्खासारखं बोललो.

४

दारूवाला लुकियस वेत्तियस इटलीचा. वीस वर्षं आमच्यात राहून अजून नाक मुरडतो. तलवार विकत मागायला तो तीनदा माझ्याकडे आला होता, त्यामुळे माझा संशय सरळ त्याच्यावर. त्यात आम्ही पोचलो तर हा गडी घाईघाईने एक गाठोडं रिकाम्या पिंपात कोंबत होता!

“काढा ते बाहेर!” मी ओरडलो.

“खासगी आहे!”

“तलवार खासगी?”

“अरे कसली तलवार! मला ती हवी होती ती सरळ आणि धड. तुम्ही लोक चांगल्या तलवारी वाकवून पाण्यात टाकता, वेडे कुठले. वाकडी असती तर फुकटही घेतली नसती.”

मी पिंपात हात घातला आणि गाठोडं सोडलं. आत निघाली लोकरीची जाडजूड, चौकटीची विजार. आपली गावठी. वेत्तियस कानापर्यंत लाल झाला.

“थंडीत गुडघे धरतात माझे,” तो कुजबुजला. “कासेलियसला सांगू नका. रोमन माणूस आणि विजार! मला गावी तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

वहिनी एवढी हसली की पिंपाचा आधार घ्यावा लागला. “नाही सांगत. त्याबदल्यात एक सांगा. सकाळपासून काही विचित्र दिसलं?”

“दिसलं ना. माझ्या दोन्ही नावा नाकाकडून बांधलेल्या असतात, तोंड वरच्या अंगाला. सकाळी बघतो तर दोन्ही फिरलेल्या, तोंड खाली. कोणीतरी खोडी काढली. नाहीतर तुमच्या देवीची करणी.”

“देवीचीच,” वहिनी म्हणाली. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. मी विचारलं, “चोर कळला का?” तर म्हणाली, “कळला, भावजी. आणि मला तो कळायला नको होता.”

५

धान्याचा धक्का गावाच्या खालच्या टोकाला. त्याला लागूनच अतेपोच्या वाड्याच्या पायऱ्या नदीत उतरतात. धक्क्यावर पोती उतरवताना उडणारा भुसा आणि कुसळं पाण्यावर पसरलेली होती. वहिनी अतेपोच्या पायऱ्या उतरली, नाव बांधायच्या लोखंडी कडीपाशी वाकली आणि मला बोट दाखवलं. गंजलेल्या कडीवर आतून एक ताजा, चमकणारा ओरखडा होता. तिने नाव हाकायची लांब काठी पाण्यात घातली आणि तळाशी हळूहळू फिरवली. एका जागी काठी अडली. आवाज दगडाचा नव्हता.

“वर काढू?” मी विचारलं.

“हात लावायचा नाही,” ती म्हणाली.

मग आम्ही अतेपोकडे गेलो. घर ओकंबोकं होतं. त्याने स्वतःच गरम द्राक्षरस ओतला. भांडं इतकं तापलेलं की मी फुंकर घालत घालत धरलं, आणि त्याने ते त्या फडकं बांधलेल्या हातात सहज उचललं.

“हाताला काय झालं?” वहिनीने विचारलं.

“दिव्याने भाजलं.”

“भाजलेल्या हातात एवढं गरम भांडं? लहानपणी आपण एका नावेवर वल्हं मारायचो, अतेपो. तुला तेव्हाही खोटं बोलता यायचं नाही. सोड ते फडकं.”

त्याने भांडं खाली ठेवलं. म्हणाला, “बायको-पोरं माहेरी सुखरूप पोचेपर्यंत थांबलो होतो. माझ्या शिक्षेत पोरांना ओढतील म्हणून. सूर्यास्ताला मी स्वतःच बोलणार होतो. तू आधी पोचशील हे ठाऊक होतं, म्हणून तर तुझं नाव सुचवलं. मी कच खाल्ली असती तर तू खाऊ दिली नसतीस.”

माझ्या हातून द्राक्षरस सांडला. “तू? धुतलेला?” तोंडातून निघून गेलं.

“हो, सेनोवीर, धुतलेला,” तो म्हणाला. “सभेत हो म्हणालो, कारण नाही म्हटलं असतं तर शिपाई येऊन संघच मोडून गेले असते. मग घरी येऊन झोपायला गेलो आणि डोळ्यांपुढे ते जेवणघर आलं. कातुमारोसच्या तलवारीखाली बसून कोणीतरी बदकाची तंगडी चोखतोय. नाही झोपू शकलो.”

“आणि ब्रोगोस?”

“म्यान खाली मोठ्या रोडानुस नदीत जाईल, समुद्राला मिळेल असंच वाटलं. वर कसं गेलं ते देव जाणे.”

“दहा वर्षं वल्हं हातात धरलं नाहीस ना, म्हणून,” वहिनी म्हणाली. पण आवाजात राग नव्हता. “आता ऊठ. तुलाही खाणीत नाही जाऊ द्यायचं मला.”

६

सूर्य टेकायला आला तेव्हा सगळं गाव अतेपोच्या पायऱ्यांवर आणि धक्क्यावर गोळा झालं होतं. मध्ये साखळीतला ब्रोगोस, समोर कासेलियस.

“साहेब,” वहिनी म्हणाली, “लाकूड खाली वाहतं, वर नाही, असं तुम्ही म्हणालात. बरोबर?”

“लहान पोरालाही कळतं.”

तिने धक्क्यावरून मूठभर भुसा उचलला आणि पाण्यावर भिरकावला. “बघा.”

सगळे बघत राहिले. आधी वाटलं, भुसा जागचा हलत नाही. मग तो हळूच सरकला. वर. भट्टीच्या दिशेने, निवांत, डुलत डुलत. म्हातारे नावाडीसुद्धा पुढे सरसावले. “अरेच्चा! रोडानुस चढली!” कोणीतरी ओरडलं.

“दोन वळणं खाली आमची अरार रोडानुसला मिळते,” वहिनी म्हणाली. “बर्फ वितळून रोडानुस फुगली की ती अरारला आत येऊ देत नाही, उलटी ढकलते. कधीतरीच होतं, आणि वल्हं हातात असलं तरच कळतं. आज सुट्टी, म्हणून कोणाला कळलं नाही. वेत्तियसशेठच्या नावा मात्र तोंड फिरवून बसल्या होत्या. म्यानाला जवाची कुसळं आहेत, ती गावात फक्त या धक्क्यापाशी असतात. म्यान भट्टीपाशी पडलं नाही, साहेब. इथे पडलं आणि वर गेलं. आणि तलवार इथेच आहे.”

तिने काठीने दाखवलं. मावळतीचं ऊन पाण्यात तिरपं शिरलं होतं. तळाशी, चिखलात, ती दिसली. वाकवलेली, दोन्ही टोकं जवळ आलेली.

“काढा बाहेर!” कासेलियस म्हणाला.

एकही नावाडी हलला नाही. शिपायांनी एकमेकांकडे बघितलं.

“साहेब,” वहिनी म्हणाली, “चोर तलवार सरळ ठेवतो, कारण त्याला ती विकायची किंवा वापरायची असते. वाकवतो तो देणारा. वाकली की ती माणसाच्या कामाची राहत नाही, देवीची होते. ही चोरलेली नाही, वाहिलेली आहे. वेत्तियसशेठ, तुमच्या इटलीत देवाच्या झऱ्यात टाकलेलं नाणं कोणी काढतं का?”

वेत्तियसला घाम फुटला. साहेबाकडे बघितलं, मग वहिनीकडे, मग बहुधा विजारीची आठवण झाली. पण पुढे बोलला ते मनापासून बोलला. “नाही बाबा! माझ्या चुलत्याने एकदा काढलं होतं. वर्षभरात आंधळा झाला. साहेब, राहू द्या तिथेच.”

शिपाई एक पायरी मागे सरले. कासेलियसच्या ते लक्षात आलं.

“पण संघाची वस्तू वाहायचा अधिकार कोणाला?” त्याने दरडावून विचारलं. “कोणाही ऐऱ्यागैऱ्याला नाही!”

“फक्त प्रमुखाला,” वहिनी म्हणाली.

अतेपो पुढे आला. फडकं सोडून त्याने हात वर केला. बोटावर अंगठी नव्हती. तिच्या जागी कातडीचा पांढरा पट्टा होता, आणि तळहातावर तलवार वाकवताना पडलेला लाल वळ.

“तलवार तुमच्या हाती द्यायच्या आधी मी ती संघाच्या वतीने सुकोना देवीला दिली,” तो म्हणाला. “सोबत माझं जे सगळ्यात लाडकं होतं ते दिलं. बापाची अंगठी खाली तिच्याशेजारी आहे. सुभेदारांना सांगा, चूक माझी, लोहाराची नाही.”

मी त्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघत राहिलो आणि माझे डोळे भरून आले. ज्या अंगठीसाठी आम्ही या माणसाची आयुष्यभर टिंगल केली, ती त्याने अंधारात, कोणी बघत नसताना पाण्यात सोडली होती. धन्य त्याची!

कासेलियसने बराच वेळ पाण्यात बघितलं. तो शिपाईगडी होता, जेवणघराच्या शोभेसाठी नदीच्या देवीशी वैर घ्यायची त्याला हौस नव्हती. “चोरी झालेली नाही,” तो शेवटी म्हणाला. “वाहिलेल्या वस्तूला मी हात लावणार नाही. सुभेदारांना काय सांगायचं ते मी बघतो. साखळी काढा.”

मातुगेना गर्दीतून आली आणि ब्रोगोसला बिलगून ढसाढसा रडली.

७

शिपाई गेले. अतेपोची बायको-पोरं परत आली. दोन दिवसांनी मी सकाळी सभाघर उघडलं आणि पुन्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. तलवार नव्हतीच, पण आता खुंटीसुद्धा नव्हती! भिंतीत नुसतं भोक.

मी तसाच अनवाणी वहिनीच्या धक्क्यावर धावलो. “वहिनी! पुन्हा चोरी! काल दार लावायचं राहिलं आणि खुंटी गेली! जुनी, लोखंडी, कातुमारोसच्या वेळची!”

ती नावेत दोर गुंडाळत होती. “भावजी, श्वास घ्या. ब्रोगोसकडे गेला होतात का?”

“पुन्हा त्याच्यावरच संशय?”

“या वेळी हो,” ती म्हणाली आणि गालातल्या गालात हसली.

मी भट्टीवर पोचलो तेव्हा अतेपो तिथे उभा होता, टोग्याचा सोगा खांद्यावर टाकून. ब्रोगोसने पाण्यातून एक छोटीशी काळी वस्तू काढली, फडक्याला पुसली, अतेपोचा हात धरला आणि त्या पांढऱ्या पट्ट्यावर ती चढवली. साधी लोखंडाची अंगठी होती.

अतेपोने ती फिरवून बघितली. “जरा घट्ट झालीय,” तो म्हणाला.

“असू दे, प्रमुख,” ब्रोगोस म्हणाला. “ही काढायची नाहीये.”

ऐरणीपाशी आमच्या खुंटीचा उरलेला तुकडा पडला होता, मी तो तिथेच राहू दिला. घरी आलो, थोडा चुना कालवला आणि सभाघराच्या भिंतीतलं भोक बुजवून टाकलं.